चेहऱ्याचा समतोल साधणारी रंगभूषा

चेहऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक रंग, छटा आणि रेषा यांच्या आधारे कमी जाणवेल असा करण्याचे तंत्र. एक भुवई वर तर दुसरी खाली, एक डोळा किंचित लहान, नाक एका बाजूला झुकलेले, ओठांचा एक कोपरा उतरलेला किंवा जबड्याची एक कड जास्त भरलेली असेल, तर या तंत्राचा उपयोग होतो. हाड, स्नायू किंवा त्वचेचा उंचसखलपणा रंगभूषेने बदलत नाही. बदलतो तो फक्त उजेड-सावलीचा भास. या तंत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथेच आहेत.

असमानतेची कारणे : दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला चेहरा प्रत्यक्षात आढळत नाही. वाढीच्या वयात जबड्याची हाडे कमीजास्त वाढतात, नाकाचा पडदा वाकडा असतो, एका बाजूचे दात गेल्याने माणूस दुसऱ्याच बाजूने चावू लागतो, जुन्या दुखापतीचा व्रण राहतो, एखादी वरची पापणी खाली उतरते. चेहऱ्याच्या मज्जातंतूचा लकवा बरा झाल्यावरही काहींच्या हसण्यात तिरकेपणा उरतो. मात्र चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळली, एका हातातला जोर गेला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी आरशासमोर एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठावे.

आरसा आणि कॅमेरा : स्वतःच्या चेहऱ्याबद्दल माणसाची समजूत आरशावरून बनते आणि आरसा डावे-उजवे उलटे दाखवतो. मिटा, डर्मर आणि नाइट यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना स्वतःचे आरशातल्यासारखे उलटे छायाचित्र अधिक आवडले, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ छायाचित्र. डोळ्यांना ज्याची सवय तेच बरे वाटते. म्हणूनच फोटोत स्वतःचा चेहरा ‘वाकडा’ दिसला तरी समोरच्या माणसाला तो तसा वाटतच असेल असे नाही. हातभर अंतरावरून घेतलेली सेल्फी आणखी फसवी असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासानुसार सुमारे ३० सेंमी अंतरावरून काढलेल्या छायाचित्रात नाक, दीड मीटरवरून काढलेल्याच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के रुंद दिसते. त्यामुळे काय दुरुस्त करायचे हे सेल्फी पाहून ठरवू नये. मऊ, समोरून येणाऱ्या उजेडात, बोलताना दोन माणसांत असते तेवढ्या अंतरावरून चेहरा पाहावा आणि मगच ब्रश हाती घ्यावा.

तत्त्व : फिकट आणि चकाकती जागा पुढे आल्यासारखी दिसते, गडद आणि मॅट (चमक नसलेली) जागा मागे गेल्यासारखी. काँटूर (सावली भासवणारा गडद रंग) आणि हायलाइटर (उजेड भासवणारा फिकट, चकाकता रंग) यांचे सगळे काम या एका गोष्टीवर चालते. काँटूरचा रंग त्वचेहून एक-दोन छटा गडद आणि राखाडीकडे झुकणारा हवा, कारण खरी सावली तांबूस नसते. तांबूस ब्राँझरने (त्वचा उन्हाने रापल्यासारखी दाखवणाऱ्या रंगाने) जबडा कोरायला गेले की सावली पडत नाही, नुसता पट्टा दिसतो.

दुसरे तत्त्व कौशल्याचे आहे. दोन्ही बाजूंवर सारखेच काम केले की फरक जसाच्या तसा राहतो, कधी ठळकही होतो. म्हणून दोन बाजूंना वेगवेगळी वागणूक द्यावी लागते. एका बाजूला खूप बदलून दुसरीच्या बरोबरीला आणण्यापेक्षा दोन्ही बाजू थोड्या थोड्या मध्याकडे आणाव्यात. डोळ्याला एक-दोन मिलिमीटरचा फरक कळत नाही; पाच मिलिमीटरची खोटी रेघ मात्र लगेच कळते.

भुवया : सर्वांत मोठा परिणाम इथे साधतो, कारण चेहऱ्याची आडवी रेषा भुवयांनी ठरते. आधी पाहावे ते कपाळाकडे. आरशात पाहताना अनेकांची एक भुवई नकळत वर जाते. हा फरक केसांचा नसून स्नायूचा असतो आणि तो न ओळखता केस उपटले तर भुवई बिघडते. माणसाला सरळ बसवावे, डोळे मिटून कपाळ सैल सोडायला सांगावे, मग डोळे उघडून समोर पाहायला लावावे. पेन्सिल नाकपुडीच्या कडेला टेकवून तीन खुणा कराव्यात : सरळ वर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून जाते तिथे भुवईची सुरुवात, बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून जाते तिथे कमान, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून जाते तिथे शेवट. नाक वाकडे असेल तर नाकपुडीवर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा डोळ्यांचे कोपरे हाच आधार धरावा. खाली असलेल्या भुवईची वरची कड भरावी आणि खालचे एक-दोन केस काढावेत. वर असलेल्या भुवईची खालची कड भरावी, वरच्या कडेला कन्सीलरचा (त्वचेच्या रंगाच्या, झाकणाऱ्या क्रीमचा) बारीक हात द्यावा. केसासारख्या सुट्या रेघा ओढाव्यात. सलग भरलेली भुवई प्रत्येक चूक मोठी करून दाखवते.

डोळे : लायनर डोळे उघडे ठेवून, समोर पाहत लावावे. मिटलेल्या डोळ्यांवर सारख्या जाडीची रेघ ओढली तरी डोळे उघडल्यावर उतरलेल्या पापणीत ती गडप होते. लहान डोळ्यावर रेघ मध्यभागी, बुबुळाच्या वर, जराशी जाड करावी, पापणीचे केस कर्ल करावेत आणि खालच्या पापणीच्या आतल्या कडेला त्वचेच्या रंगाची पेन्सिल फिरवावी. मोठ्या डोळ्याच्या त्याच कडेला गडद पेन्सिल चालते. जड पापणीवर घडीची गडद छटा खऱ्या घडीच्या जरा वर ठेवावी. विंग, म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापुढे नेलेली रेघ, काढायची असेल तर आधी दोन्ही टोकांचे ठिपके द्यावेत आणि मग रेघ जोडावी. एक बाजू पूर्ण करून दुसरी तिच्याशी जुळवायला गेले की दोन्ही वाढतच जातात.

नाक, गाल, जबडा : वाकड्या नाकावर हायलाइटरची बारीक रेघ हाडाच्या वळणावरून नेऊ नये. भुवयांच्या मधोमधपासून नाकाच्या टोकापर्यंत कल्पनेने सरळ ओळ धरावी आणि रेघ तिच्यावरून न्यावी. हाड ज्या बाजूला बाहेर आले आहे तिथे गडद छटा द्यावी, दुसरीकडे नावापुरती. जबड्याच्या भरलेल्या बाजूलाच कडेखाली छटा देऊन ती मानेवर उतरवावी. ब्लश दोन्ही गालांवर एका उंचीवर सुरू झाला की गालांमधला फरक बराच विसरला जातो.

ओठ : उतरलेल्या कोपऱ्याखाली कन्सीलरचा लहानसा ठिपका देऊन लिप लायनर तिथून किंचित वर न्यावा. ओठांच्या मूळ कडेबाहेर एखाद्या मिलिमीटरपलीकडे जाऊ नये. आणि हे सगळे माणसाला बोलायला लावून तपासावे, कारण स्थिर चेहऱ्यावर जुळलेले ओठ हसताना पुन्हा वेगळे होतात. ते रंगभूषेच्या हाती नाही, आणि ते लपवण्याची गरजही नसते.

इतिहास : रंगभूमीवरील प्रखर उजेडाने चेहरा सपाट दिसतो, म्हणून छटा देण्याची गरज आधी नटांना पडली. लुडविग लाइखनर यांनी १८७३ मध्ये बर्लिनमध्ये ग्रीसपेंटचा (नटांच्या तेलकट रंगांचा) व्यवसाय सुरू केला. चित्रपटासाठी रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये पातळ ग्रीसपेंट आणले. १९३०च्या दशकात त्यांनी चेहऱ्याची मोजमापे घेणारे, डोक्याला बसवायचे धातूचे यंत्रही बनवले, पण ते रुळले नाही. १९९०च्या दशकात रंगभूषाकार केविन ऑकॉइन यांच्या कामामुळे काँटूर घराघरांत पोचले. चेहऱ्याचे तीन समान भाग असावेत वगैरे जुनी प्रमाणे मात्र अजूनही शिकवली जातात. शरीरमापनतज्ज्ञ लेस्ली फारकश यांनी १९८५ मध्ये प्रत्यक्ष चेहरे मोजून दाखवले की बहुतेक चेहरे त्या प्रमाणांत बसत नाहीत. म्हणून ती अंदाजासाठी ठीक आहेत, दोष शोधण्यासाठी नव्हेत.

डाग झाकणारी वैद्यकीय रंगभूषा : व्रण, जन्मखूण किंवा पांढरे डाग यांसाठी जास्त रंगद्रव्याची, पाण्यात न उतरणारी क्रीम वापरतात. चेहऱ्यावरची जन्मखूण झाकण्यासाठी लिडिया ओलिअरी यांनी अमेरिकेत असे क्रीम तयार केले आणि १९३२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ब्रिटनमध्ये रेड क्रॉसने १९७५ मध्ये अशा रंगभूषेची सेवा सुरू केली. २०११ मध्ये ती ‘चेंजिंग फेसेस’ या संस्थेकडे गेली. लालसरपणावर हिरवट, निळसर काळोखीवर नारिंगी छटा आधी देऊन मग त्वचेचा रंग चढवतात. खोलगट व्रणाच्या तळाशी फिकट रंग दिल्यास तो उथळ भासतो. उंच व्रणाचा फक्त रंग झाकता येतो, उंची बाजूच्या उजेडात दिसतेच. लकव्यामुळे पापणी पूर्ण मिटत नसेल तर त्या डोळ्याला मस्कारा आणि चमकीची पावडर टाळावी आणि डोळ्यांचे कोणतेही उत्पादन वापरण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना विचारावे.