धुराचा माग लागतो

हिवाळ्यात मुंबईवर धुरकं साचलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘सगळा धूर एकत्र झाला, आता कुठला कुणाचा कसं कळणार?’ वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे.

हवा खेचणाऱ्या यंत्रातला पांढराशुभ्र फिल्टर दिवसभरात राखाडी होतो. त्या काजळीत मूळ इंधनाची खूण असते. कार्बनचे स्थिर समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, दोन: कार्बन-१२ आणि जरासा जड कार्बन-१३. उसात, ज्वारीत हा जड कार्बन भातापेक्षा जास्त, त्यामुळे पाचटाचा धूर पेंढ्याच्या धुरापासून वेगळा ओळखता येतो. गंधकाचंही तसंच: समुद्राच्या तुषारांतून आलेल्या सल्फेटमध्ये जड गंधक-३४ कोळशाच्या धुरापेक्षा सहसा बरंच जास्त. किनाऱ्यावरच्या शहराला हे फार मोलाचं.

डिझेल आणि लाकूड मात्र कार्बन-१३ वरून नीट वेगळे होत नाहीत. तिथे किरणोत्सारी कार्बन-१४ मदतीला येतो. तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षं जुन्या खनिज तेलात उरतच नाही. पावाच्या भट्टीतल्या लाकडात तो असतो. म्हणून बेकरी आणि ट्रक यांचा धूर एकाच फिल्टरवर बसला, तरी लाकडाचा वाटा किती नि डिझेलचा किती, हे काढता येतं. नेमकी कोणती चिमणी, एवढं मात्र यातून कळत नाही.