आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन

अमेरिकेतील डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीचे, सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गायनशैलीतील गीत. नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी ते १९६६ मध्ये रचले. प्रेयसीचे मन दुसऱ्यावर गेले आहे ही गोष्ट प्रियकराला तिच्याकडून न कळता लोकांच्या कुजबुजीतून कळते, एवढाच त्याचा विषय. ‘ग्रेपव्हाइन’ म्हणजे द्राक्षवेल; इंग्रजी वाक्प्रचारात मात्र कानोकानी पसरणारी बातमी. गायक मार्व्हिन गे यांचे ध्वनिमुद्रण जगभर पोहोचले आणि आज बहुतेक श्रोते तेच मूळ मानतात. मात्र येथे मूळ कोणते आणि कव्हर, म्हणजे दुसऱ्याने पुन्हा गायलेले रूप, कोणते, याचे सरळ उत्तर नाही.

गाणे प्रथम स्मोकी रॉबिन्सन आणि मिरॅकल्स या गायकगटाने १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित केले. मोटाउनचे प्रमुख बेरी गॉर्डी यांना ते पसंत पडले नाही. १९६७ च्या पूर्वार्धात व्हिटफील्ड यांनी ते गे यांच्याकडून गाऊन घेतले. तेही नाकारले गेले. तरीही व्हिटफील्ड यांनी पिच्छा सोडला नाही. त्याच सुमारास सोल गायिका ॲरेथा फ्रँकलिन यांचे ‘रिस्पेक्ट’ गाजत होते. त्याच्यावर मात करणारा जोश आणायचा, या ईर्षेने त्यांनी गायिका ग्लॅडिस नाइट आणि त्यांना साथ देणारा पिप्स हा गायकगट यांच्यासाठी गाण्याची चाल-ढाल बदलली. हे तिसरे ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९६७ मध्ये सर्वांत आधी बाजारात आले. रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत ते सहा आठवडे पहिले राहिले आणि पॉपच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

गे यांचे गाणे १९६८ च्या ‘इन द ग्रूव्ह’ या अल्बममध्ये बाहेर आले. रेडिओवरच्या निवेदकांनी ते उचलून धरले, तेव्हा कुठे कंपनीने त्याची स्वतंत्र तबकडी काढली. डिसेंबर १९६८ पासून ते सात आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. म्हणजे जे आधी गायले गेले, तेच त्या वेळच्या श्रोत्यांना नंतरचे कव्हर वाटले.

शब्द जवळजवळ तेच असूनही या दोन गाण्यांतला भाव पार वेगळा आहे. चर्चमधील गॉस्पेल गायनात वाढलेल्या नाइट जाब विचारतात. लय जलद आहे, पिप्स ओळीमागून ओळ उचलतात आणि दुःखापेक्षा संताप पुढे येतो. गे यांच्या गाण्यात मात्र संशय आधी येतो, गायक मागाहून. इलेक्ट्रिक पियानोचे ते धास्तावलेले सुरुवातीचे सूर, मागे डफलीचा थरकाप, मग हळूहळू दाटत जाणारी व्हायोलिने. फंक ब्रदर्स या मोटाउनच्या वादकवृंदाचे हे अत्यंत संयत काम आहे. व्हिटफील्ड यांनी गे यांना त्यांच्या सोयीपेक्षा चढ्या पट्टीत गायला लावले. वरच्या सुरांशी झगडताना आवाजाला येणारी ती खरखर हाच या गाण्याचा प्राण आहे. ती कोणत्याही कव्हरला साधलेली नाही.

पुढच्या कलाकारांनी त्यामुळे शहाणपणाने वेगळ्या वाटा धरल्या. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या रॉक वाद्यवृंदाने १९७० मध्ये ‘कॉस्मोज फॅक्टरी’ या अल्बमसाठी ते अकरा मिनिटांपर्यंत ताणले. गाणे लवकर संपते आणि गिटार बोलत राहते. लंडनच्या ‘द स्लिट्स’ या स्त्रियांच्या पंक गटाने १९७९ मध्ये त्यात जमैकातील रेगे संगीताचा ठेका आणि खट्याळ आरडाओरडा आणला. हे सर्वांत धाडसी रूप म्हणावे लागेल, कारण त्यात मूळ गाण्याची भीड अजिबात नाही. रॉजर ट्राउटमन यांनी १९८१ मध्ये टॉक बॉक्स या उपकरणातून आवाज यंत्रासारखा करून ते फंक या ठेक्यावर भर देणाऱ्या नृत्यसंगीतात नेले आणि गाणे पुन्हा रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिले आले.

१९८० च्या दशकात जाहिरातदारांनीही ते वापरले. १९८६ पासून कॅलिफोर्नियाच्या बेदाणा उत्पादकांच्या जाहिरातीत मातीच्या बाहुल्यांचे बेदाणे गायक बडी माइल्स यांच्या आवाजात ते गात नाचू लागले. ब्रिटनमध्ये लीव्हाइज जीन्सच्या १९८५ च्या जाहिरातीसाठी ते दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतले होते. पण श्रोत्यांना हवी होती गे यांचीच तबकडी. गे यांचा १९८४ मध्ये मृत्यू झाला होता. तबकडी १९८६ मध्ये पुन्हा काढण्यात आली आणि ब्रिटिश यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढली.