पाण्याने भरलेला बंब आणि चौकातले वळण

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल-चादरींच्या कारखान्याला आग लागली, की सुताचा साठा बघता बघता पेट घेतो आणि सगळ्यांचे डोळे बंबाकडे लागतात. चालकाने गाडी भरधाव सोडावी, असे तेव्हा कोणालाही वाटते. मात्र वेग कुठे आवरायचा, हे त्याला पदार्थविज्ञानाच्या नियमांनुसारच ठरवावे लागते.

बंबात ४,५०० लिटर पाणी असेल, तर त्याचेच वजन साडेचार टन भरते. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; त्यामुळे ताशी ३० ऐवजी ४० किलोमीटर वेगाने तेच वळण घेतले, तर हा जोर पावणेदोन पटींहून अधिक होतो. टाकी अर्धवट भरलेली असेल, तर पाणी एका बाजूला लोटते, गुरुत्वमध्यही तिकडे सरकतो आणि गाडी उलटण्याचा धोका वाढतो. टाकीतले पत्र्याचे पडदे हा हेलकावा कमी करतात, पण पुरता थांबवत नाहीत. म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा, ऐन वळणात ब्रेक दाबू नये आणि आगीवरून परतताना, टाकीत अर्धे पाणी उरले असेल तर, विशेष जपावे.

ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यातच २५ मीटर अंतर कापले जाते. सायरनवरही सर्वस्वी विसंबता येत नाही. काचा बंद असलेल्या मोटारीत तो फार उशिरा ऐकू येतो आणि नवी पेठेसारख्या दाट वस्तीत इमारतींवरून परावर्तित झाल्याने नेमका कुठून येतो, हेच कळत नाही. एकामागून एक दोन गाड्या निघाल्या, तर पहिली गेल्यावर लोक रस्ता मोकळा समजून पुढे सरकतात. माझ्या मते सर्वांत घातक क्षण हाच. कायद्याने सिग्नल ओलांडण्याची मुभा दिली असली, तरी ती काळजी घेण्याच्या अटीवरच आहे. वाट न देणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ई नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

रुग्णवाहिकेत तर चालवण्याची पद्धत हा उपचाराचाच भाग असतो. हृदय थांबलेल्या प्रौढ रुग्णाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. तेव्हा कर्मचारी बहुधा पट्टा न लावता वाकलेला असतो. अचानक ब्रेक लागला, तर दाब चुकतो आणि तो स्वतःही आदळतो. म्हणून गतिरोधक किंवा वळण येण्याआधी चालकाने मागे मोठ्याने सांगावे आणि ऑक्सिजनचा सिलिंडर नीट बांधला आहे ना, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.