फिलिपिनो घरातला कर्ता पुरुष: मृत्युलेखातल्या सनांमागचे कायदे

कॅलिफोर्नियात एखाद्या फिलिपिनो घरातला कर्ता पुरुष गेला की मृत्युलेखात तो अमेरिकेत कधी आला ते साल बहुधा असतेच. जाणकाराला त्या सनावरून बरेच कळते: कोणत्या कायद्याने आला, संसार केव्हा मांडता आला.

१८९८ मध्ये फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेले. तिथले लोक अमेरिकेचे प्रजाजन ठरले, नागरिक नव्हेत. येण्याजाण्याला मात्र आडकाठी नव्हती. डिसेंबर १९०६ मध्ये ‘डोरिक’ जहाजातून १५ मजूर होनोलुलूला उतरले, उसाच्या मळ्यांवर कामासाठी. पुढच्या पिढीने कॅलिफोर्नियात ॲस्पॅरॅगस कापला, अलास्कात मासळी डबाबंद केली. या ‘मनोंग’ म्हणवल्या जाणाऱ्या पिढीत बायका जवळपास नव्हत्याच. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने निकाल दिला, की गोऱ्यांशी लग्नबंदी ‘मंगोल’ वंशाला आहे, फिलिपिनोंना नाही. विधिमंडळाने त्याच वर्षी कायद्यात ‘मलय’ शब्द घालून ती वाट बुजवली. ही बंदी १९४८ पर्यंत टिकली. १९३४ च्या कायद्याने प्रवेशही वर्षाला ५० वर आणला. कित्येक मनोंग अविवाहितच म्हातारे झाले. त्यांच्यासाठी शेतमजूर युनियनने १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोत अग्बायानी व्हिलेज ही निवासी वसाहत बांधली.

१९४६ च्या लूस-सेलर कायद्याने नागरिकत्वाचे दार उघडले आणि वर्षाला १०० जणांचा कोटा दिला. हाच कायदा भारतीयांनाही लागू होता. १९४७ च्या लष्करी तळ-करारानंतर अमेरिकी नौदल थेट फिलिपिन्समधून भरती करू लागले, पण सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत या फिलिपिनोंच्या वाट्याला बहुतेक स्वयंपाकी-वाढप्याचेच काम येई. खरा बदल १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने झाला: नर्स, डॉक्टर, इंजिनियर आले, आणि नागरिक झालेला माणूस भावाबहिणींसाठी अर्ज भरू लागला.

माणूस गेला की ‘लामाय’ म्हणजे जागरण. मग नऊ रात्री रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा, ‘पासियाम’, चाळिसाव्या दिवशी प्रार्थना, वर्षाने शोकसमाप्ती. लोक ‘अबुलोय’ म्हणून पैसे देतात, तो आहेर नव्हे, खर्चाला हातभार.

या गडबडीत एक कागद हमखास मागे राहतो: भावंडासाठी भरलेला अर्ज. फिलिपिन्समधल्या भावंडांची व्हिसाची रांग सुमारे वीस वर्षांची आहे, म्हणून अर्जदार, म्हणजे अमेरिकेतला भाऊ, आधी जाणे नवलाचे नाही. अर्ज मंजूर असला तरी त्याच्या मृत्यूने तो आपोआप रद्द होतो. मानवतेच्या कारणास्तव तो पुन्हा जिवंत करता येतो, मात्र मंजुरी मृत्यूपूर्वीची हवी. त्यासाठी छापील फॉर्म नाही. मंजुरीची नोटीस, मृत्यूचा दाखला, विनंतीपत्र आणि नव्या जामीनदाराचे आय-८६४ शपथपत्र (येणाऱ्याची आर्थिक जबाबदारी घेण्याचे) इमिग्रेशन खात्याकडे पाठवायचे. नकार आला तर अपील नाही.

चूक होते ती जामीनदार निवडताना. कमावता मुलगा पुढे होतो, पण मनिलातल्या काकासाठी पुतण्याची सही चालत नाही. नात्यांच्या यादीत पुतण्याच नाही. गेलेल्याची बायको, म्हणजे अर्जातल्या माणसाची वहिनी, चालते. ती नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक हवी, आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के. वहिनी निवृत्त असेल तर घर किंवा ठेवी मालमत्ता म्हणून दाखवता येतात. पुतण्याचे उत्पन्न तेव्हा कामी येते, पण संयुक्त जामीनदार म्हणून, वहिनीच्या सहीच्या जोडीने.