पुंसंप्रेरक मापन, बालवयातील

वाढीच्या वयातील मुलामुलींच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन, अँड्रोस्टेनडायोन, डीएचईए सल्फेट (डीहायड्रोएपिअँड्रोस्टेरॉन सल्फेट) इत्यादी पुंसंप्रेरकांचे (अँड्रोजेनांचे, म्हणजे पुरुषी लक्षणे घडविणाऱ्या संप्रेरकांचे) प्रमाण ठरविण्याची तपासणी. ही संप्रेरके मुलींच्या शरीरातही तयार होत असल्याने ‘पुं’ या उपपदावरून तपासणी केवळ मुलांसाठी असल्याचा समज करून घेऊ नये. प्रत्यक्षात अकाली जघनकेस (जननेंद्रियांभोवतीचे केस) आल्याच्या तक्रारीमुळे ती मुलींमध्येच अधिक वेळा करावी लागते.

बालपणी या संप्रेरकांची पातळी एकसारखी वाढत जात नाही. मुलग्यांमध्ये जन्मानंतर १ ते ३ महिन्यांच्या काळात टेस्टोस्टेरॉन काही काळ वाढते व सुमारे सहाव्या महिन्यापर्यंत ओसरते. पुढे साधारण ६ ते ८ वर्षांच्या सुमारास अधिवृक्क ग्रंथीच्या (मूत्रपिंडावर असणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथीच्या) बाह्यकाचा सर्वांत आतील थर कार्यक्षम होऊ लागतो आणि डीएचईए सल्फेटची पातळी चढू लागते. ती दर डेसिलिटरला ४० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेली की अधिवृक्क जागृती झाली, असे सामान्यतः मानतात. ही जागृती पोष ग्रंथी (मेंदूच्या तळाशी असणारी पिट्युटरी ग्रंथी) व जननग्रंथी यांच्यातील यौवनारंभाच्या यंत्रणेहून स्वतंत्र असते. त्यामुळे डीएचईए सल्फेट वाढले एवढ्यावरून मूल वयात आले असे म्हणता येत नाही. मुलग्यात वृषणाचे आकारमान ४ मिलिलिटर होणे व मुलीत स्तनवृद्धी सुरू होणे, हीच त्याची खरी प्रारंभिक चिन्हे होत.

नमुना केव्हा घेतला यालाही महत्त्व असते. यौवनारंभाच्या सुरुवातीला पोष ग्रंथीचे स्पंद (संप्रेरके लाटांनी सोडली जाणे) मुख्यतः झोपेत उमटत असल्याने मुलग्यांचे टेस्टोस्टेरॉन पहाटे वाढलेले व दुपारी जवळजवळ बालपणीच्या पातळीवर आढळू शकते. म्हणून नमुना सकाळी लवकर घेतात. डीएचईए सल्फेट रक्तात दीर्घकाळ टिकत असल्याने त्याच्या बाबतीत वेळेचे बंधन फारसे नसते.

मापनपद्धतीचा प्रश्न याहून अवघड आहे. प्रौढ पुरुषांतील मोठ्या प्रमाणासाठी योग्य ठरणारी प्रतिपिंडांवर आधारित चाचणी बालकांतील अत्यल्प टेस्टोस्टेरॉनसाठी विश्वासार्ह नसते, कारण रचनेने मिळतीजुळती इतर स्टेरॉइडेही प्रतिपिंडांना चिकटतात व आकडा फुगतो. नवजात बालकांत हा दोष विशेष जाणवतो. द्रव वर्णलेखन व दुहेरी वस्तुमान वर्णपटमिती यांची जोडपद्धती रेणू वेगळे करून मोजत असल्याने बालकांसाठी तीच अधिक ग्राह्य धरली जाते. दोन भिन्न पद्धतींनी आलेल्या आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नव्हे.

मुलींमध्ये ८ व मुलग्यांमध्ये ९ वर्षांपूर्वी जघनकेस दिसल्यास या मापनासोबत १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे अधिवृक्क ग्रंथीतील स्टेरॉइड तपासतात. ते बरेच वाढलेले असल्यास २१-हायड्रॉक्सिलेज या एंझाइमाच्या न्यूनतेमुळे होणाऱ्या जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धीचा (अधिवृक्क ग्रंथी जादा पुंसंप्रेरके तयार करते अशा आनुवंशिक विकाराचा) संशय येतो. डीएचईए सल्फेट अतिशय वाढले असेल, तर अधिवृक्क अर्बुदाचा (गाठीचा) शोध घ्यावा लागतो. बहुतांश बालकांत मात्र असे काही न आढळता अधिवृक्क जागृती लवकर झाल्याचेच निष्पन्न होते. अहवालातील मर्यादा वय, लिंग व टॅनर टप्प्यानुसार (वयात येण्याच्या शारीरिक खुणांवरून ठरविलेल्या टप्प्यानुसार) बदलतात. वाढीचा वेग आणि डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून काढलेले अस्थिवय (हाडांच्या परिपक्वतेवरून ठरणारे वय) यांच्या जोडीनेच निष्कर्ष काढला जातो.