शाळांविषयीची लोकमाहिती (कोल्हापूर जिल्हा)

आपल्या भागातील शाळांचा पट (विद्यार्थीसंख्या), पैसा, शिक्षकांची पदे आणि शाळांबाबत होणारे निर्णय पालकांना व गावकऱ्यांना कळत राहावेत यासाठीची व्यवस्था. तिचा काही भाग कायद्याने ठरवलेला आहे, काही रिवाजाने. कोल्हापूर जिल्ह्यात शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामसभा, माहितीचा अधिकार, स्थानिक वृत्तपत्रे आणि पेठांतील तालमींचे फलक अशा अनेक वाटांनी ही माहिती फिरते. ती निर्णयाच्या आधी पोचते की नंतर, यावर या साऱ्या व्यवस्थेचे मोल ठरते.

पूर्वपीठिका : राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर (कोल्हापूर) संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. असा दंड करायचा तर कायदा आधी घराघरात कळलेला असावा लागतो. संस्थानचे हुकूम ‘करवीर सरकारचे गॅझेट’मध्ये छापले जात, पण ते वाचू शकणारे थोडे, आणि ज्यांच्या मुलांसाठी हा कायदा होता त्यांच्यात तर फारच थोडे. हुकूम आणि पालक यांच्यामधले हे अंतर शंभर वर्षांत रूप बदलून टिकले आहे.

शाळा कोणाची : पालकाला पहिल्यांदा हे माहीत असावे लागते. जिल्ह्याच्या बारा तालुक्यांतील बहुतेक गावांत प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची असते. तिची साखळी मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि कोल्हापुरातले शिक्षणाधिकारी (प्राथमिक) अशी वर जाते. कोल्हापूर शहरात महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती व तिचे प्रशासनाधिकारी आहेत. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली. बाकीच्या शाळा संस्थांच्या, काही अनुदानित तर काही स्वयंअर्थसहाय्यित. परिपत्रक या साखळीतून खाली येते, केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप गटावर पडते आणि बहुतेक वेळा मुख्याध्यापकांच्या फोनवर थांबते. तिथून पुढे पालकांपर्यंत ते न्यायचे काम कायद्याने एका समितीवर टाकले आहे.

शाळा व्यवस्थापन समिती : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांत ही समिती असते. किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत ५० टक्के महिला हव्यात. अध्यक्ष पालकांतून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे. समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान पटानुसार वर्षाला १० हजारांपासून १ लाख रुपयांपर्यंत असते. रक्कम लहान आहे, पण गळके छत, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, फळ्याचा रंग हे सगळे त्यातूनच होते, म्हणून ती गावाला ठाऊक असावी.

समितीची बैठक महिन्यातून एकदा अपेक्षित आहे. ती किती वाजता ठेवली यावर बरेच अवलंबून असते. सकाळी अकराला बोलावली तर भांगलणीला (शेतातल्या खुरपणीला) किंवा एमआयडीसीत पाळीवर गेलेल्या आया येऊ शकत नाहीत, संध्याकाळी सातला देवळाच्या मंडपात घेतली तर येतात. इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या की समिती कागदावर पूर्ण होते आणि माहिती कोणालाच मिळत नाही. वही खरी आहे की नाही हे पोषण आहाराच्या नोंदींवरून लवकर ओळखता येते. आहार मुलांना वाढण्याआधी चाखून पाहायचा आणि चवीच्या नोंदवहीत लिहायचे असा नियम आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ मंजूर असतो. हजेरी आणि साठा यांचा ताळा कोणताही पालक पाच मिनिटांत घालू शकतो. त्यासाठी त्याला १०० आणि १५० हे दोन आकडे मात्र आधी कोणीतरी सांगितलेले असावे लागतात.

या वर्तुळाच्या पूर्ण बाहेर राहणारे पालक म्हणजे ऊसतोड मजूर. हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात येतात आणि फडाजवळच्या कोप्यांत राहतात. त्यांचे नंबर शाळेच्या कोणत्याच गटात नसतात. जुन्या शाळेचा दाखला आला नाही या कारणावरून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. हे वाक्य फडावर जाऊन सांगणारा शिक्षक भेटला तर मूल वर्गात येते, नाहीतर हंगामभर मोळ्यांमागे फिरते.

पट आणि संचमान्यता : शाळेचे भवितव्य ठरवणारी सर्वांत महत्त्वाची तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार, हे ठरते. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी साधारण ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने राज्यात संचमान्यतेचे निकष बदलले आणि वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचा प्रश्न ऐरणीवर आला. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगराळ तालुक्यांतील वाड्या आणि धनगरवाडे यांच्या दृष्टीने हा निर्णय दूरचा नव्हता. पावसाळ्यात ओढा ओलांडून पुढच्या गावच्या शाळेत जाणे सहा वर्षांच्या पोराला जमणारे नसते. म्हणूनच राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे.

तरीही संचमान्यतेची बातमी वाडीला कळते ती बहुधा शिक्षकाची बदली झाल्यावर. मग तालुक्याला मोर्चा जातो, शाळेला कुलूप लागते, निवेदन दिले जाते. तोवर पद गेलेले असते. हीच चर्चा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत झाली, कोणती मुले आश्रमशाळेत गेली, कोणाच्या आधार नोंदीत नाव किंवा जन्मतारीख चुकली, कोणी खाजगी शाळेच्या बसमध्ये बसू लागले याचा हिशेब गावाने मांडला, तर सप्टेंबरअखेरपर्यंत हातात सहा आठवडे राहतात. आधारची एक चूक दुरुस्त झाली तर एक मूल पटावर धरले जाते. छोट्या शाळेत तेवढ्याने एक शिक्षक टिकू शकतो.

प्रत्येक शाळेला यूडायस हा अकरा अंकी क्रमांक असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील शाळांचा क्रमांक २७३४ ने सुरू होतो. त्यावरून पट, शिक्षक, खोल्या, पाणी, वीज यांची शाळेने भरलेली माहिती मिळते. शाळेच्या दारावर हा क्रमांक ठळक रंगवणे हा फार स्वस्त आणि फार उपयोगी उपाय आहे.

शहरातील रीत : गुढीपाडव्याला शाळेत नाव घालण्याची प्रथा जुनी आहे. जरगनगर येथील महापालिकेच्या शाळेत प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांगा लावतात. सरकारी शाळेसाठी अशी रांग ही महाराष्ट्रात सहसा न दिसणारी गोष्ट. त्यामागे शिष्यवृत्ती परीक्षेचे निकाल आहेत आणि ते निकाल पेठापेठांतून तोंडोतोंडी पोचले आहेत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, कसबा बावडा येथील तालमी व मंडळांच्या फलकांवर सामन्याच्या, श्रद्धांजलीच्या, आंदोलनाच्या मजकुराशेजारी गुणवंत मुलांची नावे खडूने लिहिलेली दिसतात. या फलकांवर शाळेच्या प्रवेशाची मुदत आणि समितीच्या बैठकीची तारीखही लिहिली जावी. फोन न वाचणारी आजी तो फलक रोज वाचते.

महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि जिल्हा परिषदेची मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर बराच काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. या वर्षांत ‘आमच्या वॉर्डातली शाळा’ म्हणून सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवक किंवा सदस्य नव्हता, आणि सभेतील प्रश्नोत्तरांमुळे वर्तमानपत्रांत येणारी माहितीही आटली. लोकमाहितीचे यात झालेले नुकसान मोठे आहे.

पूरकाळ : कोल्हापूरकर जून ते सप्टेंबर राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी फुटांत मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. शाळांच्या सुट्टीचा आदेश आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी काढतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत प्रयाग चिखली, आंबेवाडी व शिरोळ तालुक्यातील गावे रिकामी करावी लागली आणि अनेक शाळा निवाऱ्याची ठिकाणे झाल्या. अशा वेळी मागच्या वर्षीचा आदेश तारीख न पाहता पुढे पाठवला गेला तर गोंधळ होतो. पूररेषेतील शाळांनी मे महिन्यातच कोणत्या पातळीला शाळा बंद होईल, मुलांना कोणत्या रस्त्याने घरी सोडायचे आणि जनरल रजिस्टर (शाळेत दाखल झालेल्या मुलांची मूळ नोंदवही) कुठे हलवायचे हे पालकांना लेखी सांगून ठेवावे. जन्मतारीख आणि जातीच्या पुराव्यासाठी तेच रजिस्टर तीन पिढ्यांना लागते.

मागून मिळणारी माहिती : माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सतरा मुद्द्यांची माहिती कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची असते. ती मिळाली नाही तर दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. अर्जात ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असे न लिहिता ‘अमुक वर्षीच्या संयुक्त शाळा अनुदानाच्या रोकडवहीची प्रत’ असे लिहावे. कागदाचे नाव अचूक असले की टोलवाटोलवी कमी होते.

खाजगी शाळांतील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशांबाबत ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांना त्यातून सूट मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्द केला. या पाच महिन्यांत ज्यांना दर आठवड्याची स्थिती कळत होती तेच पालक अर्ज करून थांबले. बाकीच्यांनी जमेल तिथे फी भरली.

विनाअनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद लागू नाही. तिथे शुल्क विनियमन अधिनियम, २०११ खाली पालक-शिक्षक संघ असतो. तो शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत स्थापायचा, त्याची कार्यकारी समिती सोडत काढून निवडायची आणि सदस्यांची यादी फलकावर लावायची असते. पुढील वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव व्यवस्थापनाने या समितीपुढे किमान सहा महिने आधी मांडावा लागतो, म्हणजे जूनच्या फीची चर्चा डिसेंबरपर्यंत सुरू झालेली असावी. एप्रिलमध्ये नवा आकडा थेट पावतीवरच दिसला, तर पालकाने कार्यकारी समितीच्या इतिवृत्ताची प्रत लेखी मागावी.