पॅरिश कुठली? जमिनीची की चर्चची?

मुंबई इलाख्यात कंपनीच्या गोऱ्या पलटणींसाठी आयर्लंडमध्ये भरपूर भरती व्हायची. त्यातली एक जुनी बॉम्बे पलटण १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलियर्समध्ये सामील झाली. त्यातल्या एखाद्या शिपायाचे वंशज आज त्याचं मूळ गाव शोधायला निघतात तेव्हा हाताशी बहुधा भरतीचा किंवा निवृत्तीचा कागद असतो. त्यावर छापील रकाने: जन्म अमुक पॅरिशमध्ये, अमुक शहरात किंवा शहराजवळ, अमुक काउंटीत. काउंटी कळते, शहर कळतं आणि पॅरिशपाशी घोळ सुरू होतो. कारण पॅरिश म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे असं प्रत्येकाला वाटतं.

वसईकराला किंवा गोंयकाराला ते खरंच माहीत असतं. एक चर्च, एक फादर, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या. आयर्लंडमधली कॅथलिक पॅरिशही तशीच. त्यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

पण आयर्लंडमध्ये दुसरीही एक पॅरिश आहे, सिव्हिल पॅरिश. ती फादरकडे नाही, तलाठ्याच्या दप्तरात शोधायची. तिथे ना फादर असतो, ना बाप्तिस्म्याची वही. ती नुसती जमिनीची वाटणी. सर्वांत खाली टाउनलँड, काही टाउनलँड मिळून सिव्हिल पॅरिश, मग बॅरनी, मग काउंटी. टाउनलँडमध्ये ‘टाउन’ आहे म्हणून तिथे शहर शोधू नका. आपला मौजा डोळ्यांसमोर आणा. मौजा ओसाड असू शकतो, तसं टाउनलँडमध्येही एकही घर नसेल.

दोन्हींचं मूळ मात्र एकच, आणि फसगत तिथूनच होते. मध्ययुगात चर्चने आखलेल्या पॅरिश सोळाव्या शतकात, धर्मसुधारणेनंतर, इमारती आणि दशांश करासकट (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) सरकारी प्रोटेस्टंट चर्चकडे गेल्या. जुन्या हद्दी तशाच राहिल्या, आणि पुढे सरकारने कर, मोजणी, मूल्यांकन सगळं त्याच हद्दींवर चालवलं. बहुसंख्य जनता कॅथलिकच राहिली, पण तिच्या चर्चकडे ना इमारत उरली ना उत्पन्न. दडपशाहीच्या कायद्यांत धर्मगुरूही मोजकेच. मग दोन-तीन जुन्या पॅरिश एकत्र करायच्या, जागा मिळेल तिथे साधं चॅपल उभारायचं आणि पुष्कळदा त्या जागेचंच नाव नव्या पॅरिशला द्यायचं. कधी जुनी पॅरिश मधोमध चिरून अर्धी इकडे, अर्धी तिकडे. परिणाम आकड्यांत दिसतो: सिव्हिल पॅरिश सुमारे २,५०० आणि कॅथलिक पॅरिश हजाराच्या थोड्याच वर.

नावं वेगळी असती तर माझी तक्रार नव्हती. नाव तेच आणि हद्द वेगळी, हा खरा सापळा. ऑफली काउंटीतलं मनीगॉल घ्या, बराक ओबामांच्या आईकडच्या पूर्वजाचं गाव. मनीगॉलची सिव्हिल पॅरिश कलनवेन. कॅथलिक पॅरिश डंकेरिन. आणि डंकेरिन नावाची सिव्हिल पॅरिशही शेजारीच आहे! समजा, मनीगॉलच्या एका कॅथलिक कुटुंबाचा बाप्तिस्मा डंकेरिनच्या वहीत सापडला. शोधणारा खूश होऊन जमिनीच्या यादीत डंकेरिन उघडतो, कुटुंब दिसत नाही, आणि ‘दुष्काळात अमेरिकेला गेले असावेत’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. कुटुंब असतं तिथेच, फक्त कलनवेनच्या पानावर. अशी जबरदस्तीने जहाजावर चढवलेली माणसं मी इतक्यांदा पाहिली आहेत की आता हसूही येत नाही.

ओबामांचा तो पूर्वज, फॅल्मथ केअर्नी, १८५० मध्ये खरोखरच गेला. पण ते घराणं प्रोटेस्टंट, त्यामुळे त्यांच्या नोंदी ना कलनवेनच्या नावाने सापडल्या, ना डंकेरिनच्या. त्या निघाल्या टेम्पलहॅरी या तिसऱ्याच चर्चच्या वह्यांत. आपल्याकडे निदान आडनाव गाव सांगतं. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं मालवण तालुक्यातलं वराड शोधायला संशोधक लागत नाही. केअर्नी या आडनावातून मनीगॉल निघत नाही.

तर, कागद कुठला आहे ते आधी पाहा. दशांश कराच्या वह्या (१८२३ नंतरच्या) आणि १८४७ ते १८६४ दरम्यानचं ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन (करासाठी केलेलं जमीन-घरांचं मूल्यांकन) यांत पॅरिश म्हणजे सिव्हिल. १९२२ मध्ये डब्लिनच्या दप्तरखान्याला लागलेल्या आगीत जुन्या जनगणनांचा बराचसा भाग जळाला, म्हणून या याद्यांवर सगळा भार. बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्यांत पॅरिश म्हणजे चर्चची. १९०१ आणि १९११ ची जनगणना ऑनलाइन आहे ती मतदार विभागांनुसार, आणि सरकारी जन्मनोंदी वेगळ्याच विभागांत. तोही गोंधळच, पण तिथे नावच वेगळं असल्यामुळे सहसा कुणी फसत नाही.

एका पॅरिशवरून दुसरीवर जायला मी अजूनही सॅम्युएल लुईसचा १८३७ चा स्थळकोश उघडते. त्यात नोंदी सिव्हिल पॅरिशनुसार आहेत आणि कॅथलिक विभागणीत ती पॅरिश कुठे मोडते हे सहसा एका वाक्यात सांगितलेलं असतं. लोक किल्ले आणि जमीनदार वाचून तेवढंच वाक्य सोडतात. ते सापडलं की राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या कॅथलिक पॅरिशच्या वह्यांची छायाचित्रं फुकट आहेत, साधारण १८८० पर्यंतची.

नावाचा अर्थ लावण्यात वेळ घालवू नका, असं माझं स्पष्ट मत. ‘किल’ म्हणजे चर्चही असू शकतं आणि रानही. आयरिशमध्ये ते दोन वेगळे शब्द, इंग्रज मोजणीदारांच्या लिपीत एकच. अर्थ कळला तरी गाव सापडत नाही. त्यापेक्षा नाव मोठ्याने म्हणून पाहा, कारण कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय. आणि ‘किंग्ज काउंटी’ दिसली तर ती आजची ऑफली, ‘क्वीन्स काउंटी’ म्हणजे लीश. एवढं पाठच करा.

आता तो शिपायाचा कागद. तिथली पॅरिश मी आधी सिव्हिल धरते आणि तिला लागून असलेल्या सगळ्या कॅथलिक पॅरिशच्या वह्या चाळते. नाहीच जमलं तर उलट: शिपाई कॅथलिक असेल तर त्याने चॅपलचं नाव सांगितलं असेल, म्हणून ती कॅथलिक धरून तिच्याखालच्या सिव्हिल पॅरिश एकेक उघडायच्या. काउंटी किंग्ज आणि ‘शहराजवळ’ म्हणून टिपरेरीतलं रॉस्क्रे लिहिलेलं दिसलं, तर कारकुनाची चूक समजून काट मारू नका. मनीगॉल त्या सीमेवरच आहे.